एकशे पंच्याण्णव

उमेओ, जानेवारी. दुपारी अडीचलाच
रस्त्यावरचे दिवे लागलेत,
बर्चच्या खोडांना बर्फ एकाच बाजूनं चिकटलाय.
तळघरात इंगेयेर्द
उणे वीसच्या पेटीत हात घालून
एक्केचाळीस नंबर कापते आहे.

नाव नाही. नाव वरच्या मजल्यावर, कुलपात.
खाली येतो तो नंबर
आणि अर्ध्या सुपारीएवढा तुकडा मेंदूतला,
चकतीवर एका थेंब पाण्यानं गोठवून बसवलेला.
डिंक नको, ती सेनाईतला बजावते,
डिंक सगळ्यांच्या वर आवाज चढवतो,
मग तुकड्याचं काही ऐकू येत नाही.

पातं सरकतं.
केसाच्या जाडीचा सातवा हिस्सा,
एवढा काप निघतो आणि लगेच कडेनं वळू पाहतो.
कुंचल्याच्या दोन केसांनी ती त्याला समजावते.
काचेखाली बोट टेकवते.
बोटाची ऊब लागली की काप काचेला बिलगतो.
एकतीस वर्षांत या कामाला
बोटाहून चांगलं यंत्र तिला मिळालेलं नाही.

शस्त्रक्रियेआधी तीन तास
त्या माणसाच्या शिरेत साखर सोडली होती.
रूप साखरेचं, गोडी साखरेची,
फक्त प्रत्येक कार्बनच्या पोटात
एक न्यूट्रॉन जास्त.
खुणेची नाणी. कुणाच्या गल्ल्यात पडतात ते बघायचं.
पाणी कुठं मुरतंय
हे विचारायची आमची ही रीत.

मग लेसर. एक टिचकी, एक ठिपका.
ठिपक्यातून जे उडतं ते लांब नळीतून धावत सुटतं,
हलकं पुढं, जड मागं,
आणि पलीकडं कोण किती वेळानं पोचलं
एवढ्यावरच ओळख.
शितावरून भाताची परीक्षा इथं चालत नाही.
साठ हजार शितं आहेत
आणि प्रत्येकाला वेगळं विचारायचं आहे.
रात्रभर ते विचारणं चालू असतं,
पंख्याचा आवाज, बाकी कुणी नाही.

सकाळी सेनाईत पडदा उघडते.
एकशे चौऱ्याहत्तर, शाबूत चेतापेशींचं वजन:
डाव्या कडेला हिरवं,
मग विरळ, मग नाहीच.
ब्याण्णव. एकोणनव्वद नव्हे, ब्याण्णव,
म्हणजे आमच्याच साखरेचं आंबलेलं लॅक्टेट,
तीन खुणा अंगावर घेऊन:
मधोमध पेटलेलं,
फुंकर घातलेल्या निखाऱ्यासारखं.
आणि सर्जननं जिथं शाईनं रेघ मारली होती
तिच्याही पलीकडं, हिरव्यात,
सात ठिपके.
सेनाईत दोनदा मोजते.
काहीच नसेल कदाचित.
ती तिसऱ्यांदा मोजते.

दुसरा काप, दुसरी फवारणी,
यंत्राचा कल उलटा.
एकशे पंच्याण्णव या वजनाला पडदा भरून जातो.
निरोगी बाजूला तितकंच, गाठीतही तितकंच,
रेघेवर, रेघेपलीकडं, सात ठिपक्यांवर,
सगळीकडं एकसारखं निळं.
काच घाणेरडी आहे, सेनाईत म्हणते.
पण कापाची कड संपते तिथं काळोख आहे.
काच स्वच्छ आहे.
म्हणजे हे त्या माणसातलंच.

इंगेयेर्द चष्मा कपाळावर सारते,
दशांश वाचते,
आणि तळघरात कुणी हसत नाही तशी हसते.

कॉफी.
भूल द्यायच्या आधी दुधाविना चालते, नियमात आहे.
पहाटे चारला कुठल्या तरी स्वयंपाकघरात
कुणी तरी ती उकळली असेल,
बाहेर गाडीची काच खरवडायची बाकी,
हॉस्पिटलपर्यंत दीड तासाचा निसरडा रस्ता.
तो उभ्यानंच प्यायला असेल.
की बसून? साखर न घालता?

साखर न घालताच, सेनाईत म्हणते,
उपाशी बोलावलं होतं.

नोंदवहीत इंगेयेर्द लिहिते:
१९५, कॅफिन. सर्वत्र. अभ्यासाशी संबंध नाही.
थोडं थांबून शेवटचं वाक्य खोडते.
पुन्हा लिहिते.
उरलेला तुकडा उणे ऐंशीत परत जातो.
बेचाळीस नंबर मंगळवारी.